आवाज फाटू नये म्हणून

(संडे स्कूल शिक्षक, गायनमंडळ व तरुण संघ यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू : संगणकावर माईकने रेकॉर्डिंग करताना आवाजाची पातळी आधी कशी लावावी, हे समजून घेणे व प्रत्यक्ष करून पाहणे.

लागणारे साहित्य : एक संगणक अथवा लॅपटॉप, एक माईक, कानाला लावायचे हेडफोन, आणि मोठ्याने वाचण्यास तयार असलेला एक सोबती.



काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगूनच ह्या पाठाला आरंभ करतो, कारण आम्ही जे काही शिकलो ते त्या चुकीमुळेच.

आमच्या मंडळीत एक वयोवृद्ध भगिनी होत्या. अनेक वर्षे त्यांनी संडे स्कूल चालविले, म्हणून लहानथोर सगळे त्यांना 'बाई' म्हणत. त्यांची आई जात्यावर दळताना जी भक्तिगीते म्हणे, ती बाईंना तोंडपाठ होती. त्यांतली काही गीते आम्हांस कोणत्याही गीतपुस्तकात आढळली नव्हती. एके दिवशी संध्याकाळी आम्ही लॅपटॉप व माईक घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई हळू आवाजात जुन्या आठवणी सांगू लागल्या. आवाज फार बारीक येतो असे वाटून आम्ही पातळी वाढविली. पडद्यावरची पट्टी भरलेली दिसू लागली, तसे आम्हांस समाधान वाटले. मग बाई गाऊ लागल्या. त्या वयात त्यांचा आवाज इतका मोकळा सुटेल, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. आम्ही ऐकण्यात रंगून गेलो आणि पडद्याकडे पाहिलेच नाही.

घरी येऊन ऐकतो, तो प्रत्येक उंच स्वरावर खरखर! पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ, असे म्हणता म्हणता दोन महिने गेले आणि बाई प्रभूमध्ये निजल्या. गायनमंडळाने त्या रेकॉर्डिंगवरून चाली उतरवून घेतल्या, कारण सूर कोठे चढतो व कोठे उतरतो एवढे कळत होते. पण बाईंच्या नातीने ते ऐकले आणि ती म्हणाली, "काका, ही आजी वाटत नाही." तिचे खरे होते. चाल राहिली, आवाज गेला.

हा दोष माईकचा नव्हता आणि संगणकाचाही नव्हता. पट्टी थोडी खाली ठेवली असती, तर तो आवाज आज जसाच्या तसा आपल्यापाशी असता. अशी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून हा पाठ.

१. संगणकाचे माप सपाट आहे

धान्य मापताना पायली शिगोशीग भरली की वर निमुळता ढीग राहतो. सपाट माप घ्यायचे असेल तर काठावरून हात फिरवितात आणि शीग खाली पडते. लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातले माप शीग भरलेले आहे, आणि देणाऱ्याने तसेच द्यावे. संगणक मात्र सपाट मापाचा आहे. काठाच्या वर गेलेला एक दाणाही तो ठेवून घेत नाही.

हे कसे होते ते पाहू. आवाज म्हणजे हवेतील लाटा. माईक त्या लाटांचे विजेच्या लाटांत रूपांतर करतो, आणि संगणक त्या लाटेची उंची पुन्हा पुन्हा मोजून आकडे लिहितो. संगीताच्या सीडीसाठी ठरलेल्या मापाप्रमाणे ही मोजणी एका सेकंदात ४४,१०० वेळा होते. १६ बिटच्या पद्धतीत प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ ह्यांच्या दरम्यानच असावा लागतो. समजा, गाणाऱ्याच्या उंच स्वराची लाट ४०,००० पर्यंत चढली. त्या वेळी संगणक ३२,७६७ हाच आकडा लिहितो, आणि लाट खाली येईपर्यंत तोच आकडा लिहीत राहतो. त्यामुळे लाटेचा गोल माथा कापला जाऊन तेथे सपाट गच्ची तयार होते. ह्यालाच जाणकार 'क्लिपिंग' म्हणतात आणि आपण 'आवाज फाटला' असे म्हणतो. त्या सपाट भागामुळे गाणाऱ्याने न काढलेले कर्कश सूर मूळ आवाजात मिसळतात. हीच ती खरखर.

कोणी म्हणेल, "२४ बिटचे रेकॉर्डिंग केले म्हणजे झाले." २४ बिटमध्ये आकडे ८३ लाखांच्याही पुढे जातात हे खरे. पण त्यामुळे माप मोठे होत नाही. त्याच मापावर अधिक बारीक रेघा येतात, काठ मात्र आहे तेथेच राहतो.

२. जुनी सवय सोडावी लागेल

आपल्यापैकी ज्यांनी कॅसेटवर उपासना रेकॉर्ड केल्या आहेत, त्यांना एक सवय लागलेली असते. कॅसेट १९६३ साली आली. तिच्यात फितीचा स्वतःचा 'स्स्स' असा आवाज असे. तो झाकण्यासाठी आपण पातळी चढती ठेवत असू, आणि सुई अधूनमधून लाल भागात गेली तरी चालवून घेत असू. फितीचा स्वभाव सोशिक होता. आवाज वाढला की ती हळूहळू दबत असे, एकदम तोडून टाकत नसे. शिवाय ती सुई सुस्त असे. अशा मीटरची रीत १९३९ साली ठरली, आणि तीत सुईला पुरते वर चढण्यास सुमारे ०.३ सेकंद लागतो. क्षणभराचे तीव्र आवाज सुईला दिसतच नसत.

संगणकाचे तसे नाही. काठापर्यंत तो अगदी स्वच्छ लिहितो, आणि काठ ओलांडताच कापतो. फितीचा 'स्स्स' त्याच्यात नाही, म्हणून पातळी चढती ठेवण्याचे कारणही उरलेले नाही. बाईंच्या घरी आमचे चुकले ते येथेच. यंत्र नवे होते, हात कॅसेटचा होता.

३. मीटर कसे वाचावे

संगणकावरील मीटरवर सर्वांत वरचा आकडा ० असतो आणि त्याच्या खाली सगळे उणे आकडे. त्यांचे एकक डेसिबल. टेलिफोनकार अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांच्या नावावरून ते पडले. ० म्हणजे मापाचा काठ, हे पक्के ध्यानात ठेवावे. पुढचा हिशेब सोपा आहे.

० म्हणजे पूर्ण माप.
उणे ६ म्हणजे सुमारे अर्धे माप.
उणे १२ म्हणजे सुमारे पाव माप.
उणे २० म्हणजे मापाचा दहावा भाग.

आमचा नियम असा : सर्वांत मोठ्या आवाजाचे टोक उणे १२ ते उणे ६ ह्यांच्या दरम्यान यावे. म्हणजे पाव ते अर्धे माप भरावे आणि बाकीचे रिकामे ठेवावे. वाचणारा एकाएकी आवेशात आला, श्रोते खदखदून हसले, मुलांनी टाळ्या वाजविल्या, तर त्यासाठी ती जागा असते.

पाव मापाने आवाज फार बारीक होईल अशी भीती नको. १६ बिटच्या पद्धतीत सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. त्यांतले १२ सोडले तरी ८४ उरतात. आपल्या खोलीतला पंखा, रस्ता आणि शेजारचा रेडिओ ह्यांचा आवाज ह्या मर्यादेच्या पुष्कळच वर असतो. रिकामी ठेवलेली जागा वाया जात नाही.

४. पातळी लावण्याची रीत

पहिली पायरी. संगणक कोणता माईक ऐकतो आहे ते पाहा. पुष्कळदा आपण बाहेरचा माईक जोडतो आणि संगणक आपल्याच पोटातला माईक ऐकत बसतो. विंडोज असलेल्या संगणकात 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टम', त्यात 'साऊंड' उघडावे आणि 'इनपुट' ह्या भागात आपला माईक निवडावा. मॅकमध्ये 'सिस्टम सेटिंग्ज'मधील 'साऊंड'मध्ये 'इनपुट' मिळेल. खात्रीसाठी माईकच्या जाळीवर नखाने अगदी हलके खाजवावे. मीटर हलले तर माईक तोच.

दुसरी पायरी. संगणकाची आगाऊ मदत बंद करा. काही संगणकांत 'मायक्रोफोन बूस्ट' नावाची वेगळी पट्टी असते. ती १०, २० किंवा ३० डेसिबलने आवाज चढविते. २० म्हणजे दहापट! ती प्रथम शून्यावर आणावी. तसेच आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करावी. ती चालू असेल तर वक्ता थांबला की पंख्याचा आवाज फुगतो, आणि पुन्हा बोलू लागला की पहिला शब्द अंगावर येतो. व्हिडिओ बैठकीची सॉफ्टवेअरेही माईकची पातळी परस्पर बदलू शकतात. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ती बंद ठेवावीत.

तिसरी पायरी. माईक जागेवर ठेवा, मगच पातळीला हात लावा. ह्याविषयी पुढच्या मुद्द्यात सांगितले आहे.

चौथी पायरी. सर्वांत मोठा आवाज काढून घ्या. हीच पायरी आम्ही चुकलो होतो. "हॅलो, वन, टू, थ्री" म्हणून पातळी लावू नये, कारण तसे कोणी उपदेश करीत नाही की गातही नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची गोष्ट मुलांसाठी रेकॉर्ड करायची असेल, तर आरंभीची शांत वाक्ये वाचून घेऊ नयेत. थोरला भाऊ रागावून बापाशी बोलतो, तो भाग पूर्ण आवेशाने वाचून घ्यावा. गीत असेल तर सर्वांत उंच ओळ गाऊन घ्यावी. गायनमंडळ असेल तर सर्वांनी मिळून, बाजाची पेटी व तबला यांसह म्हणावे.

पाचवी पायरी. मीटर पाहत पट्टी खाली आणा. टोक उणे १२ ते उणे ६ मध्ये आले की थांबा. मग आणखी थोडी खाली घ्या. रंगीत तालमीपेक्षा प्रत्यक्षात माणूस मोठ्यानेच बोलतो, असा आमचा अनुभव आहे.

सहावी पायरी. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका आणि लाटांचे चित्र पाहा. ह्या कामासाठी 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर उपयोगी आहे. ते २००० सालापासून मोफत मिळत आले आहे. त्याच्या 'व्ह्यू' मेनूत क्लिपिंग दाखविण्याची सोय आहे. ती चालू केली की जेथे लाट काठाला लागली तेथे तांबडी रेघ उमटते. एक जरी तांबडी रेघ दिसली, तरी पातळी उतरवून पुन्हा पाचव्या पायरीवर यावे.

५. एक वीत अंतर

पातळी ठरविणारी सर्वांत मोठी पट्टी संगणकात नाही. ती माईक आणि तोंड ह्यांच्यामधील अंतरात आहे. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने, म्हणजे दुप्पट वाढतो. एक वीत दूर बसलेला माणूस अर्ध्या वितेवर झुकला, तर पट्टीला हात न लावता आपण राखलेली अर्धी जागा भरून जाते.

जुन्या काळी हे सर्वांना ठाऊक होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले, तेव्हा विजेचा माईक नव्हता. कलावंत मोठ्या कर्ण्यासमोर गात असत. १९२५ साली विजेवरील मुद्रण सुरू होईपर्यंत हीच रीत होती. आवाज कमीजास्त करायला पट्टी नसे, म्हणून उंच स्वराला मागे सरायचे आणि हळू ओळीला पुढे यायचे. आजही आपल्या गायकांना एवढे शिकविले तर अर्धे काम होते.

साध्या बोलण्यासाठी माईक तोंडापासून सुमारे एक वीत ठेवावा, आणि अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवावा. प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटून उघडतात आणि हवेचा झोत सुटतो. तो झोत सरळ माईकवर आदळला की 'धप्प' असा आवाज होऊन मीटर एकदम चढते. आपले नेहमीचे शब्दच पाहा : प्रभू, पिता, पुत्र, पवित्र, प्रार्थना, भजन, बायबल! उपासनेत ह्या अक्षरांपासून सुटका नाही. माईक बाजूला ठेवला की झोत पुढून निघून जातो आणि आवाज तेवढा माईकपर्यंत येतो.

६. पट्टी खाली आणूनही आवाज फाटत असेल तर

हा प्रश्न आम्हांस पुष्कळ जण विचारतात. उत्तर समजण्यासाठी आवाजाची वाट डोळ्यांपुढे आणावी. आधी माईक, मग माईकचा बारीक आवाज वाढविणारा भाग, मग आवाजाचे आकडे करणारा भाग, मग सॉफ्टवेअर, आणि शेवटी ऐकण्याचा स्पीकर. ह्यांतील कोणत्याही दारावर आवाज फाटू शकतो. एका दारावर फाटलेला आवाज पुढचे दार शिवू शकत नाही.

ओळखण्याची खूण अशी. लाटांचे चित्र मोठे करून पाहा. माथे काठापाशी सपाट असतील तर आकडे करतानाच कापले गेले. पातळी उतरवा. माथे सपाट आहेत, पण काठापासून बरेच खाली आहेत, असे असेल तर आवाज आधीच्या दारावर फाटला. मग पट्टी उतरवून फाटका आवाज लहान झाला, इतकेच. आणि माथे गोल असून ऐकताना खरखर येत असेल, तर रेकॉर्डिंग चांगले आहे. स्पीकर वाजवी मर्यादेपलीकडे चढविला आहे.

मधला प्रकार मंदिरातील मिक्सरमुळे वारंवार घडतो. मिक्सरमधून निघणारी वायर लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातली जाते. माईकची वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतकी असते. मिक्सरची मात्र साधारण ०.३ ते १.२ व्होल्ट असते. ग्लासात हंडा ओतावा तसे होते. अशा वेळी मिक्सरला यूएसबीची सोय असेल तर ती वापरावी, नाहीतर 'लाइन' पातळी घेणारा छोटा यूएसबी जोड वापरावा. यूएसबी माईकवर किंवा अशा जोडावर स्वतःचे 'गेन'चे बटन असेल तर प्रथम तेच फिरवावे, कारण काही यंत्रांत पडद्यावरची पट्टी आकडे झाल्यानंतरच काम करते. सॉफ्टवेअर ३२ बिटचे असले तरी पहिल्या दारावर कापलेला माथा ते परत आणीत नाही.

७. काय दुरुस्त होते आणि काय होत नाही

पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे. बारीक आवाजात झालेले रेकॉर्डिंग नंतर मोठे करता येते. ऑडॅसिटीत 'अॅम्प्लिफाय' नावाची सोय आहे. टोक उणे १ वर येईल असे करावे, आणि काठाबाहेर जाऊ देण्याची चौकट रिकामी ठेवावी. पार्श्वभूमीची खुसखुस थोडी वाढेल, पण आवाज त्या माणसाचाच राहील.

फाटलेला आवाज मात्र परत येत नाही. कापलेले माथे जोडण्याची सॉफ्टवेअरे आहेत. ती दोन्ही बाजूंची वळणे पाहून मधला भाग अंदाजाने भरतात. एखाददुसरा माथा कापला असेल तर उपयोग होतो. ओळीच्या ओळी कापल्या असतील तर तो अंदाजच असतो, आठवण नसते. बाईंच्या गीतांवर आम्ही हे उपाय करून पाहिले. खरखर थोडी कमी झाली. नातीला पुन्हा ऐकविण्याचे धैर्य झाले नाही.

म्हणून शंका आली तर पट्टी खाली आणावी. मूळ रेकॉर्डिंग 'वेव्ह' स्वरूपात जपून ठेवावे. एका माईकचे एक तासाचे रेकॉर्डिंग सुमारे ३०० एमबी होते, आणि आजच्या पेनड्राइव्हला ते जड नाही. लोकांना पाठविण्यासाठी त्याची एमपी३ प्रत निराळी काढावी.

शिक्षकांस सूचना

वर्गात दोन रेकॉर्डिंगे करून दाखवा. एकाच मुलाने एकच ओळ म्हणावी, एकदा पातळी मुद्दाम चढवून आणि एकदा पाव मापावर ठेवून. मग दुसरे रेकॉर्डिंग अॅम्प्लिफायने मोठे करून दोन्ही लागोपाठ ऐकवा. तासभराच्या व्याख्यानापेक्षा मुले ह्यातून अधिक शिकतील.

विचार व चर्चा

१. २४ बिटचे रेकॉर्डिंग केले तरी आवाज का फाटू शकतो?
२. पातळी लावताना हळू भाग न घेता सर्वांत मोठा भाग का घ्यावा?
३. माथे सपाट आहेत, पण काठापासून खाली आहेत. दोष कोठे शोधाल?
४. वक्ता एक वीत अंतरावरून अर्ध्या वितेवर आला तर मीटर किती चढेल?
५. आपल्या मंडळीत ज्यांचा आवाज जपून ठेवावा अशी वडीलधारी माणसे कोण आहेत?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे आणि ह्याच महिन्यात त्यांपैकी एकाच्या घरी जावे. माईक एक वीत दूर ठेवावा. आजोबांना किंवा आजींना आधी त्यांचे आवडते गीत मोकळ्या गळ्याने म्हणू द्यावे, पट्टी पाव मापावर आणावी, मग त्यांच्या आठवणी विचाराव्यात. निघण्यापूर्वी तेथेच बसून हेडफोनवर एकदा ऐकावे. खरखर असेल तर त्यांना पुन्हा म्हणण्याची विनंती करावी. तसे विचारायला संकोच वाटू देऊ नये. बाईंना आम्ही विचारले असते, तर त्या हसून पुन्हा गायल्या असत्या.